ताडोबाची सफर आणि आमच्या उसातला बिबट्या

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

‘सफारी’ हा शब्द मला प्रथम भेटला तो आमच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या अंगावर. करड्या रंगाचा, चार खिशांचा तो सफारी सूट सर १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि शाळातपासणीच्या दिवशी घालीत. त्यामुळे सफारी म्हणजे काहीतरी कडक इस्त्रीचे आणि भीतिदायक असणार, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात शब्दकोश चाळताना कळले की, हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला. अर्थ साधा ‘प्रवास’, आणि मूळ अरबी ‘सफर’. म्हणजे मराठीतली सफर आणि ही सफारी एकाच घरच्या लेकी. एक फारसीचे बोट धरून आपल्याकडे आली, दुसरी अरब व्यापाऱ्यांच्या संगतीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुळली. पुढे तिकडच्या गोऱ्या शिकाऱ्यांनी तिचे नाव बंदुकीशी जोडले, आणि बंदुकीचे दिवस सरले तसे ते कॅमेऱ्याशी जोडले गेले. आज आपण सफारी म्हणतो ती ही कॅमेऱ्याची.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या भूगोल विभागाची अभ्याससहल ताडोबाला गेली. सोळा विद्यार्थी आणि दोन प्राध्यापक. मी घरी विचारले तेव्हा आमचे नाना (मी वडिलांना नाना म्हणते) बैलांना वैरण टाकीत होते. ते म्हणाले, ‘‘वाघ पाह्याला पैसे? आपल्याकडं तर तो फुकटात येतो.’’ आई हसली, पण फार नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयातील पुस्तकांना नंबर चिकटवून मिळालेले दोन महिन्यांचे मानधन माझ्याजवळ होते, त्यातून मी सहलीचे पैसे भरले.

या लेखात सहलीचे वर्णन करावे आणि ताडोबाची भौगोलिक माहिती द्यावी एवढाच माझा मूळ विचार होता. परंतु ते वर्णन गावाला वगळून लिहिता येईना, म्हणून आधी गावाकडचे सांगते.

आमचे गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचून जी पाणथळ झाली, तिला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून तिचे नाव जगाच्या यादीत गेले. हिवाळ्यात तेथे गाड्या भरभरून लोक पक्षी पाहायला येतात. त्याच पाण्यावर आमचा ऊस वाढतो आणि त्या उसात बिबट्या राहतो. राहतो असेच म्हणावयास हवे. तो कुठल्या डोंगरातून वाट चुकून येत नाही. उसात त्याला दहा-बारा महिने दाट आडोसा मिळतो, जवळ पाणी असते, गावात कुत्री, डुकरे, शेळ्या असतात. मादी उसातच वीते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वावरात ऊसतोड चालू असताना पाचटात तीन पिल्ले सापडली. मांजराएवढीच, डोळे नुकते उघडलेली. वनखात्याच्या लोकांनी ती द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, वर दुसरे क्रेट पालथे घातले, आणि रात्री आईने ते ढकलून एकेक पिल्लू उचलून नेले. सकाळी रिकामी क्रेटे पाहायला सगळे गाव जमले होते.

हे ऐकायला गोड वाटते. मागच्या दिवाळीनंतर आमची कालवड गेली ते तितके गोड नव्हते. अकरा महिन्यांची होती. पुढच्या दोन वर्षांत तिचे दूध सुरू झाले असते आणि त्या दुधाच्या पैशांवर माझ्या धाकट्या भावाचे अकरावीचे शिक्षण बसवलेले होते. गोठ्याला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला बाभळीच्या काट्यांचा झाप. पहाटे तीनच्या सुमारास दावे ताणल्याचा आवाज आला. नाना उठून बॅटरी लावेपर्यंत झाप कोसळलेला आणि कालवड दाव्याला लटकलेली. पंचनामा झाला, नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून दुसरी कालवड येण्याएवढी नव्हती.

त्यानंतर पारावर बैठक झाली. सगळ्यांचे एकच म्हणणे : हे बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा. अर्ज कोणी लिहायचा? आमच्या भावकीत महाविद्यालयात गेलेली मी पहिली. चुलते म्हणाले, ‘‘ही शिकती ना नाशकाला, हिलाच लिहू द्या.’’ मी लिहिला. चांगला लिहिला, असे मला तेव्हा वाटले. ‘सदर वन्यप्राण्यांना तात्काळ जेरबंद करून दूरवरील एखाद्या अभयारण्यात, उदाहरणार्थ ताडोबा येथे, सोडण्यात यावे’, हे वाक्य माझे स्वतःचे. ताडोबा हे नाव मला भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते, म्हणून मी ते घातले. खाली त्र्याण्णव सह्या आणि अंगठे. पिंजरा आला, त्यात शेळी बांधली, आठव्या दिवशी बिबट्या सापडला. मी तो जवळून पाहिला. गजांवर कपाळ आपटून त्याने रक्त काढले होते आणि लोक मोबाईल घेऊन पिंजऱ्याला खेटून उभे होते. त्याला गाडीत घालून नेले. दोन महिन्यांनी पुन्हा ठसे उमटले.

असो. आता सहलीकडे वळते.

नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने वर्धा आणि तिथून दुसऱ्या गाडीने चंद्रपूर. वर्ध्याच्या पुढे जमीन बदलते. आपल्याकडची काळी, बेसाल्टची, पायऱ्यापायऱ्यांची जमीन मागे पडते आणि सपाट, फिकट, कोळशाच्या थरांवर वसलेला मुलूख लागतो. हा गोंडवन शैलसमूहाचा प्रदेश. प्रथम वर्षाला पाठ केलेले हे वाक्य खिडकीतून खरे होताना पाहून मला फार आनंद झाला. चंद्रपूरजवळ महाऔष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅटचे हे केंद्र, आणि त्याला पाणी देणारे इरई धरण ताडोबाच्या अगदी वेशीवर. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला येणारी वीज कुठून येते याचा मी कधी विचार केलेला नव्हता. ती एकाच ठिकाणाहून येत नाही हे खरे. परंतु तिचा काही वाटा या चिमण्यांखालून निघत असणार आणि त्या चिमण्यांपासून तासाभराच्या अंतरावर वाघ आहेत, हे मनात आले.

ताडोबा हे नाव देवाचे. गोंड आदिवासींच्या परंपरेप्रमाणे तारू नावाचा त्यांचा एक प्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात आदिवासी तेथे दर्शनाला येत आले आहेत. वाघाने मारलेल्या माणसाचा देव झाला आणि त्याच्या नावाने वाघाचे जंगल राखले गेले, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. आपल्या जिल्ह्यातही पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागांत आदिवासी बांधव दिवाळीच्या आरंभी वाघबारस साजरी करतात, वाघदेवाला नैवेद्य देतात आणि आमच्या गुरांना सांभाळ म्हणतात. वाघेरा किल्ला, वाघाड धरण ही नावे तर आपल्या रोजच्या तोंडातली. (आमच्या वर्गात वाघ आडनावाचे तिघे आहेत. ताडोबाला जाताना त्यांची जी थट्टा झाली ती येथे देत नाही.)

या जंगलात १९३५ मध्ये शिकारीस बंदी झाली. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले, ते ५०८.८५ चौरस किलोमीटरचे. दोन्ही मिळून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले. गाभा आणि बफर हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात नकाशावरच्या दोन रंगांसारखे वाटतात. प्रत्यक्षात बफरमध्ये सत्तरहून अधिक गावे आहेत, त्यांत शाळा आहेत, धानाची शेते आहेत, गुरे आहेत.

मोहर्ली प्रवेशद्वारापाशी आम्ही पहाटे साडेपाचला पोहोचलो. थंडी आपल्या निफाडसारखीच. उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक स्थानिक मार्गदर्शक. मार्गदर्शकावाचून आत सोडत नाहीत. मोबाईल जमा करावे लागले, त्यावर मुलांनी बरीच कुरकुर केली. खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, काही फेकायचे नाही. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभा क्षेत्र बंद असते आणि आठवड्यातून मंगळवारी सुट्टी. या सुट्टीचे मला अप्रूप वाटले. वाघांना मंगळवार कळत असेल काय?

आमच्या गाडीत मार्गदर्शक म्हणून एक तरुण बाई होत्या. खाकी पोशाख, डोक्याला रुमाल. आमच्या सरांनी त्यांना ‘ताई’ म्हटले म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिला धडा त्यांनी झाडांचा दिला. हा दक्षिणेकडील उष्णकटिबंधीय शुष्क पानझडीचा प्रकार, एवढे आम्हाला पाठ होते. ताईंनी तोच प्रकार झाडाझाडाने दाखविला. साग मुख्य, त्याचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग सुटतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकड्यांची, आणि त्याच्या खोडात पाणी साठते. कांडोळाचे खोड पांढरेशुभ्र, चांदण्यात दचकायला होईल असे. त्याला भूताचे झाड म्हणतात. धावडा, बीजा, मोह, तेंदू, बेहडा, आणि खाली सगळीकडे बांबू. पळस फुलू लागला होता. पानगळीमुळे नजर दूरवर जाते आणि उन्हाळ्याकडे पाणी मोजक्या तळ्यांवर उरते, म्हणून या जंगलात जनावरे दिसण्याची शक्यता जास्त; सदाहरित रानात ती हाताच्या अंतरावर असली तरी दिसायची नाहीत. वाघ गाडीवाटेने का चालतो हेही तेव्हाच कळले. वाळलेल्या सागाच्या पानांवर पाऊल टाकले तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो. मऊ धुळीची वाट त्यालाही सोयीची.

दुसरा धडा कानांचा. वाघ शोधायचा तो डोळ्यांनी नव्हे. चितळ धोका दिसताच बारीक, तीक्ष्ण शीळ घातल्यासारखे ओरडते. माकड झाडाच्या शेंड्यावरून खकारते. सांबर ‘पोंक’ असा मोठा, एकेकटा आवाज काढते. ताई म्हणाल्या, ‘‘चितळ पान हाललं तरी बोंबलते जी. पण सांबर बोललं म्हणजे समजायचं, आहेच.’’ एका वळणावर त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि आम्ही सात-आठ मिनिटे गप्प बसलो. नाशिकला राहू लागल्यापासून एवढा वेळ मी एवढी गप्प बसल्याचे आठवत नाही. सुतार पक्ष्याची टकटक. लांब कुठे मोर. मग काहीच नाही. ‘‘आवाज नसला तं तेही आयकायचं,’’ ताई म्हणाल्या.

पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. रानगवा दिसला, पाय पांढरे मोजे घातल्यासारखे, अंग म्हणजे चालती भिंत. रानकुत्र्यांची टोळी दिसली. तांबूस, झुपकेदार काळ्या शेपटीची, कुत्र्यासारखी भुंकत नाहीत तर शीळ घालतात. तेलिया तलावावर मगर दगडासारखी पडून होती. बाजूने जाणाऱ्या एका गाडीतले गृहस्थ आमच्या सरांना म्हणाले, ‘‘काहीच दिसलं नाही हो आज!’’ एवढे सगळे दिसूनही काहीच दिसले नाही असे म्हणणारे ते एकटे नव्हते. खरे सांगते, मलाही आतून तसेच वाटत होते. दोन महिने नंबर चिकटविले होते ते वाघासाठी.

दुपारी विश्रामाच्या वेळी सरांनी वाघांची गणना कशी होते ते समजावून सांगितले. तो भाग मला सहलीतला सर्वांत उपयुक्त वाटला, म्हणून थोडा विस्ताराने देते. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा आणि अनुभवी माणसाने सांगायचे की हा अमुक वाघ. तीच पावले दोन जागी दोन वाघ म्हणून मोजली जाण्याचा धोका त्यात होता. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरलेला नाही असे उघडकीस आले आणि कागदावरच्या वाघांविषयी देशभर चर्चा झाली. नवी पद्धत कॅमेऱ्यांची. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. पट्टे म्हणजे माणसाच्या अंगठ्याचा ठसा. दोन वाघांचे जुळत नाहीत. पण जंगलातला प्रत्येक वाघ काही कॅमेऱ्यापुढून जात नाही. मग न दिसलेले कसे मोजायचे? सरांनी तळ्यातल्या माशांचे उदाहरण दिले. तळ्यातून ५० मासे पकडा, त्यांच्या पंखांना खूण करून सोडा. काही दिवसांनी पुन्हा ४० पकडा. त्यांत १० खुणेचे निघाले, म्हणजे दर चारांत एक. तर तळ्यातले एकूण मासे सुमारे २००. वाघांचे पट्टे ही निसर्गानेच केलेली खूण. प्रत्यक्ष गणित याहून बरेच अवघड आहे, पण गाभा हाच. या पद्धतीने २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ निघाले, २०१८ मध्ये २९६७, आणि २०२२ मध्ये सरासरी अंदाज ३६८२. महाराष्ट्रात त्या वर्षी ४४४, आणि ताडोबा-अंधारीच्या हद्दीत ९७.

सत्त्याण्णव! एका वाघाला वर्षाला चितळ-सांबराएवढी साधारण ५० जनावरे लागतात. भक्ष्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त त्याने खाल्ले तर कळप टिकत नाही, म्हणून एका वाघामागे सुमारे ५०० जनावरे हवीत, असा हिशेब अभ्यासक मांडतात. तरुण नर मोठा झाला की त्याला आईचा मुलूख सोडावाच लागतो. त्याने जायचे कुठे? काही उमरेड-कऱ्हांडल्याकडे जातात, काही तेलंगणातील कावलकडे, काही ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या धानाच्या बांधांवरच राहतात. वनखाते काहींना उचलून दूरही नेते. २०२३ मध्ये इथल्या वाघिणी नागझिऱ्याला नेल्या, २०२४ मध्ये दोन ओडिशातील सिमिलिपालला. त्यांपैकी झीनत नावाची वाघीण तिकडे न थांबता झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये गेली. २९ डिसेंबर २०२४ ला तिला बांकुडा जिल्ह्यात पकडून परत नेले.

दुसरी फेरी त्याच दिवशी दुपारची. साडेचारच्या सुमारास सांबर बोलले. एकदा, मग पुन्हा. ताईंनी हात वर केला. बांबूतून वाघीण वाटेवर आली, सरळ, कोणी बोलावल्यासारखी. एका झाडाशी शेपूट उभारून तिने खूण सोडली आणि आमच्यापुढे चालू लागली. तिच्या खांद्यांची हाडे कातडीखाली एकाआड एक वर-खाली होत होती. पाऊल टाकल्याचा आवाज नाही. मागे वळून पाहिले तर गाड्याच गाड्या. मी मोजल्या, अकरा. सगळे उभे, कॅमेऱ्यांची टकटक, कोणी कुजबुजत ‘पुढे घ्या ना’ म्हणत होते. तिने एकदाही आमच्याकडे पाहिले नाही. तीन-चार मिनिटांनी ती डावीकडे उतरली आणि पाच पावलांत गवताने तिला गिळले.

मी काय पाहिले असे कोणी विचारले तर मला नीट सांगता येत नाही. बिबट्या मी पिंजऱ्यात पाहिला होता आणि त्याने केलेले पाहिले होते, ताणलेले दावे, कोसळलेला झाप. असे प्राणी आपल्या कामाने चाललेले मी कधी पाहिले नव्हते. वर्गातली माझी मैत्रीण रडत होती आणि तिला कारण विचारले तर हसत होती.

संध्याकाळी प्रवेशद्वाराबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ताईंशी बोलणे झाले. त्यांचे आईवडील कोळसा गावचे. गाभा क्षेत्रातली काही गावे बाहेर वसविण्यात आली. २००७ मध्ये बोटेझरी आणि कोळशातली काही कुटुंबे, पुढे नवेगाव, जामणी. ताई तेव्हा शाळेत होत्या. ज्या रानात त्यांनी लहानपणी शेळ्या राखल्या तिथे आता त्या दिवसाला दोन फेऱ्या पाहुणे घेऊन जातात. वाईट वाटते का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘मोहाच्या दिवसांत वाटते. एरवी पगार बरा आहे जी. पोरगी इंग्रजी शाळेत आहे.’’ मग त्यांनी आपल्या मामेसासूचे सांगितले. तेंदूपाने तोडायला गेलेल्या त्या परत आल्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात हे दरवर्षी घडते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी पाने तोडणाऱ्या तीन स्त्रिया वाघिणीने मारल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर याच प्रकल्पात, गणनेचे काम करीत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा मृत्यू झाला. माणूस दगावल्यास शासन २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देते.

बोलता बोलता मी आमच्या बिबट्यांचे सांगितले आणि माझ्या अर्जाचेही. तसा तो मी थोडा मिरवण्यासाठीच सांगितला, हे कबूल करते. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

‘‘तुमच्याकडचा बिबट इकडं आणून सोडा म्हून लिवलं?’’

‘‘हो, म्हणजे... इथे जंगल आहे म्हणून.’’

‘‘इथं आमी पण आहो न जी.’’

त्या रागावल्या नव्हत्या. पुन्हा कप उचलून त्यांनी चहा संपविला आणि आमच्या उसाला भाव काय मिळतो ते विचारले. मला मात्र पुढे काही बोलता आले नाही. भूगोलाच्या नकाशावर मी एक हिरवा ठिपका निवडला होता. त्यात कोणाची मामेसासू असेल हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

परत आल्यावर मी ग्रंथालयात आणि सरांकडून या विषयावर मिळेल ते वाचले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी आपल्याच शेजारच्या अकोले भागात, जिथे जंगल जवळजवळ नाही आणि ऊस आहे, कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत होते, आणि त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. जुन्नर भागाविषयीचे त्यांचे निरीक्षण तर मला चटका लावून गेले. तेथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. याचे एक कारण उघड आहे. रिकामा झालेला मुलूख दुसरा बिबट्या धरतो, आणि नेलेला प्राणी अनोळखी जागी भुकेला व बिथरलेला असतो, किंवा चालत घराकडे निघतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या सीमेवर पोहोचला. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ मध्ये आलेला त्याच नावाचा मराठी चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल.

म्हणजे पिंजरा लावूच नये काय? माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराला पकडलेच पाहिजे, याविषयी मला शंका नाही; ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांच्यापुढे मी आकडे ठेवू शकणार नाही. पण आमच्या गावात तसे घडलेले नव्हते. कालवड गेली होती, आणि ती काट्याच्या झापामुळे गेली होती.

सहलीहून आले त्या आठवड्यात आमच्याकडे मोटारीला रात्रीची वीज होती. साडेअकराला नाना पाणी भरायला निघाले तेव्हा मीही बॅटरी घेऊन गेले. आईने आधी नको म्हटले, मग घुंगराची काठी हातात दिली. गव्हाला पाणी चालू होते आणि पलीकडे चुलत्यांचा ऊस. वाटेत मी नानांना वाघिणीचे सांगत होते. ‘‘केवढी व्हती?’’ नानांनी विचारले. ‘‘आपल्या मोठ्या बैलाएवढी लांब,’’ मी म्हटले, ‘‘पण उंचीला कमी.’’ ते थोडा वेळ चालले. ‘‘आन् तुमच्याकडं पाह्यलंच नाही?’’ ‘‘नाही.’’

एकच्या सुमारास उसाच्या कडेला टिटवी ओरडली. मग वस्तीवरची कुत्री भुंकू लागली आणि एकदम थांबली. मी नानांचा हात धरला आणि म्हटले, ‘‘ऐका.’’ काहीच ऐकू येत नव्हते. नानांनी मोटार बंद केली. आम्ही दोघे बांधावर पाठीला पाठ लावून उभे राहिलो, बॅटरी उसावर. किती वेळ ते सांगता येणार नाही. पुढे टिटवी पुन्हा ओरडली, या खेपेस बरीच लांब, ओढ्याच्या अंगाला. नाना म्हणाले, ‘‘गेला.’’ हे शास्त्र त्यांना माझ्या आधीपासून येत होते. त्यासाठी ते मोहर्लीला गेले नव्हते. गव्हाच्या उरलेल्या चार वाफ्यांना त्या रात्री पाणी मिळाले नाही.

मार्चमध्ये पारावर पुन्हा बैठक झाली आणि स्मरणपत्र लिहायचे ठरले. पुन्हा मीच. या वेळी मी तीन मागण्या लिहिल्या. उसाच्या पट्ट्यातील शेतीपंपांना बाराही महिने दिवसा वीज मिळावी. गोठ्यांना लोखंडी जाळी आणि दार बसविण्यास साहाय्य मिळावे. ऊसतोडीच्या काळात पिल्ले सापडल्यास काय करावे याची माहिती प्रत्येक वस्तीवर आणि तोडणी कामगारांच्या कोप्यांवर देण्यात यावी. चुलत्यांनी कागद दोनदा उलटून पाहिला.

‘‘यात बिबटे न्यायचं कुठंय?’’

मी ताडोबातल्या ताईंचे सांगितले. त्यांच्या मामेसासूचे सांगितले. आजोबा बिबट्याचेही सांगितले, त्यावर दोन-तीन जण हसले. एक जण म्हणाले, पोरगी सहलीला गेली आन् बिबट्याच्या बाजूची झाली. चुलत्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, मागच्या वेळचंच वाक्य चांगलं होतं.

पहिली सही कोणीच करीना. मग नाना पुढे आले. नाना चौथीपर्यंत शिकलेले, सही करायला त्यांना वेळ लागतो. त्यांनी चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि पूर्ण नाव लिहिले. मागच्या अर्जावर त्र्याण्णव सह्या होत्या. या अर्जावर एकतीस झाल्या, त्यांत नऊ बायकांच्या. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तो मी स्वतः जाऊन दिला आणि पोचपावती घेतली. हा लेख संपादक मंडळाकडे देईपर्यंत उत्तर आलेले नाही. आमच्या गोठ्याला मात्र नानांनी जुन्या द्राक्षबागेच्या अँगलचे आणि तारेचे दार बसविले आहे.